पाटीवरची पहिली ओळ



इथे आपण नेहमी पाठ, उपक्रम, शैक्षणिक साहित्य यांविषयी बोलतो. आज थोडं प्रवासाविषयी लिहिणार आहे. पण हा प्रवास मी शिक्षिकेच्या डोळ्यांनीच केला, त्यामुळे गाडी फिरून फिरून शाळेच्या फाटकाशीच येणार, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी आयर्लंडला गेले होते. माझी मोठी बहीण नोकरीनिमित्त डब्लिनला राहते. कितीतरी वर्षं ती "एकदा ये गं" म्हणत होती. यंदा परदेशी जाण्याची परवानगी, व्हिसा, साठवलेले पैसे असं सगळं एकदाचं जुळून आलं. तीन आठवड्यांच्या मुक्कामातले नऊ दिवस मी एकटी खेड्यापाड्यांतून हिंडले. आपल्या एस.टी.सारखी त्यांची सरकारी बस आहे, तिने एखाद्या गावापर्यंत जायचं, पाठीवर पिशवी टाकायची आणि तिथून पुढे पायी.

एकटीच का?

हा प्रश्न मला गावात विचारला गेला, केंद्रात विचारला गेला आणि आईने तर रोज फोनवर विचारला. खरं कारण साधं होतं. ताई आणि भावोजी दोघांना नोकरी, भाचीची शाळा चालू. (तिथल्या प्राथमिक शाळा जूनअखेरपर्यंत चालतात.) मग माझ्यासोबत येणार कोण? आणि मलाही एकदा कुणाचं पाणी-डबा न बघता चालून बघायचंच होतं. सहलीला आपण जातो तेव्हा आपलं सगळं लक्ष पोरं मोजण्यातच जातं, तुम्हाला वेगळं सांगायला नको!

मे महिन्यात तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधाराची धास्ती नव्हती. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात. जिथे पदपथ नाही तिथे माणसाने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. अरुंद रस्त्यावर समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो त्यांचा "काय, बरंय ना?" आपल्याकडे मान हलवतात, तसंच. पहिल्या दोन दिवसांत मीही बोट उचलायला शिकले.

एकट्याने चालताना बोलायला कुणी नसतं, म्हणून माणूस दिसेल ते वाचत सुटतो. पहिलीतलं मूल नुकतं वाचायला शिकलं की दुकानाच्या पाट्या मोठ्याने वाचत जातं, तसं माझं झालं. आणि तिथल्या पाट्यांवर नेहमी दोन ओळी असतात. वरची ओळ तिरप्या अक्षरात, आयरिश भाषेत. खालची ओळ ठळक इंग्रजीत. मला अर्थातच खालचीच वाचता येत होती.

निघायच्या आदल्या रात्री सात वर्षांची भाची म्हणाली होती, "मावशी, वरची ओळ वाच. खालच्या ओळीला काही अर्थच नसतो." तिने हे इंग्रजीत सांगितलं होतं. ती मराठी बोलत नाही. ते पुढे येईलच.

काळा डोह, दोन तळी

आयर्लंडचं अख्खं बेट आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं. तिथे इंग्रजी सगळ्यांना येते, पण आयरिश ही त्यांची स्वतःची, फार जुनी भाषा. १९३७च्या राज्यघटनेत ती पहिली राजभाषा आहे आणि शाळेत सक्तीचा विषय आहे. त्यामुळे पुण्याच्या आईबापांची ही मुलगी शाळेत रोज आयरिश शिकते. तिने मला वहीच्या कागदावर दहा-बारा शब्द लिहून दिले. 'लॉख' म्हणजे तळं. 'ग्लान' म्हणजे दरी. 'दुव' म्हणजे काळा. 'बाल्या' म्हणजे गाव. 'क्नॉक' म्हणजे टेकडी. 'किल' म्हणजे देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. हा कागद म्हणजे माझा गाइड.

पहिला मुक्काम डब्लिनच्या दक्षिणेला, विकलोच्या डोंगरात. गावाचं नाव ग्लेंडालॉख. वरची ओळ वाचली: ग्लान दा लॉख. कागद काढला आणि रस्त्यातच हसू आलं. दरी, दोन, तळी. दोन तळ्यांची दरी! वळण घेऊन पुढे गेले तर समोर खरोखर दोन तळी. सहाव्या शतकात केविन नावाच्या साधूने इथे मठ स्थापन केला. त्या मठाचा सुमारे ३० मीटर उंच गोल दगडी मनोरा अजून ताठ उभा आहे. त्याचं दार जमिनीपासून बरंच वर आहे, शिडी लावल्याशिवाय आत जाता येत नाही. मी वरच्या तळ्याच्या कडेने डोंगरावर चढले. दलदलीत पाय रुतू नयेत म्हणून लाकडी फळ्यांची पायवाट केलेली आहे. तासाभरात ऊन, पाऊस, वारा आणि पुन्हा ऊन असं सगळं झालं. वरून खाली पाहिलं तर गावाचं नाव नकाशासारखं पसरलेलं होतं.

मग मला ते वेडच लागलं. डब्लिन म्हणजे काय? दुव आणि लिन, म्हणजे काळा डोह. पण डब्लिनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाटीवर वरची ओळ वेगळीच असते. ती वाचली की अर्थ लागतो 'कुडाच्या उताराचं गाव'. नदी जिथे पायी ओलांडता यायची तिथे चिखलात कूड अंथरलेला असायचा. आपल्याकडच्या नदीच्या उताराला वसलेल्या गावासारखंच ते. एवढी मोठी राजधानी, पण नाव अस्सल शेतकऱ्याचं.

मग खालच्या ओळीला अर्थ का नाही? याचं उत्तर इतिहासात आहे. १८२४पासून इंग्रज सरकारने अख्ख्या बेटाची मोजणी केली. १८४६पर्यंत नकाशे पूर्ण झाले. मोजणीदारांनी लोकांच्या तोंडची नावं इंग्रजी कानाने ऐकली आणि इंग्रजी अक्षरांत बसवली. काही विद्वानांनी मूळ नावं आणि त्यांचे अर्थ टिपून ठेवले खरे, पण नकाशावर छापली गेली ती इंग्रजी रूपं. आवाज उरला, अर्थ गळून पडला. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. खडकाळ जागेवरची म्हणून 'खडकी'. इंग्रजांनी तिचं 'किर्की' केलं. किर्की म्हणजे काय? काहीच नाही.

गाईंची वाट

तिथून बेटाच्या पश्चिम टोकाला गेले. गॉलवे शहर हे माझं मधलं ठाणं. तिथून बसने बॅलीव्हॉन या समुद्रकाठच्या गावी आले आणि पुढे बरन नावाच्या मुलखात पायी.

बरन या शब्दाचा अर्थ खडकाळ जागा. म्हणजे त्यांची खडकीच म्हणा ना! मैलोन् मैल करडा चुनखडक. जणू कुणी फरशी घातली आणि ती जागोजागी उकलली. दुरून उजाड दिसतं. वाकून बघितलं तर प्रत्येक भेगेत फुलं. थंड बर्फाळ प्रदेशातली आणि भूमध्य समुद्राकडची झाडं इथे शेजारी शेजारी उगवतात. मे महिन्यात एक गडद निळं, बोटाच्या पेराएवढं फूल दिसतं, जेन्शियन. मी गुडघे टेकून बघत बसले. परिसर अभ्यासाच्या तासाला आपण मुलांना 'जवळून पाहा' म्हणतो, ते स्वतः करायची संधी.

इथल्या वाटेला 'बोहर' म्हणतात. मूळ शब्द 'बो', म्हणजे गाय. ज्या वाटेने गाई जातात ती बोहर. आता मोठ्या रस्त्यालाही तोच शब्द आहे. आणि लहान वाट म्हणजे 'बोरीन'. दोन्हीकडे दगडी बांध, मध्ये गवताची पट्टी, एकच बैलगाडी जाईल एवढी रुंदी. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो बघताक्षणी सांगेल, ही तर पाणंद!

एका बांधाशी एक म्हातारे शेतकरी निसटलेला दगड परत बसवत होते. तिथले बांध चुना-सिमेंटशिवाय रचतात. दगडांतल्या फटींतून वारा जातो, म्हणून वादळातही बांध पडत नाही. त्यांनी सांगितलं की इथे गाई हिवाळ्यात डोंगरावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, बाकी जगाच्या बरोबर उलट. कारण चुनखडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, वर जमीन कोरडी राहते आणि थंडीतही चारा मिळतो. शिवाय हिवाळ्यात गाई गवत खातात म्हणून वसंतात फुलांना उजेड मिळतो. म्हणजे जेन्शियन फुलतं ते गाईंच्या कृपेने. एका बांधावर उभं राहून मला भूगोल, विज्ञान आणि शेती असे तीन तास शिकायला मिळाले.

पुढे सुमारे ८ किलोमीटरवर पोलनाब्रोन नावाची जागा आहे. उभ्या शिळांवर एक प्रचंड आडवी शिळा ठेवलेली. पाच हजार वर्षांहून जुनं हे थडगं आहे. १९८६मध्ये इथे उत्खनन झालं तेव्हा तेहतीसेक माणसांच्या अस्थी सापडल्या, त्यांत लहान मुलंही होती.

पर्यटकांच्या तोंडी या नावाचा अर्थ 'दुःखांचं विवर' असा आहे. थडगं म्हटल्यावर तो शोभतोही. पण तो चुकीचा आहे. आयरिशमध्ये 'ब्रोन' म्हणजे दुःख आणि 'ब्रो' म्हणजे जातं, धान्य दळायचं. नावातला शब्द जात्याचा आहे. जात्याचं विवर. भाषा घरात होती तोवर कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. भाषा गेली आणि जात्याचं दुःख झालं. त्या वाऱ्यात उभी असताना मला आजीच्या जात्याची घरघर आठवली. आमच्या शाळेतल्या किती मुलांनी जातं बघितलंय, हेही मनात आलं.

मोहेरचे प्रसिद्ध कडे मी दुसऱ्या दिवशी बघितले. समुद्रातून सरळ वर उठलेले, सर्वांत उंच जागी २१४ मीटर. सुंदर आहेत, गर्दीही तेवढीच आहे. फोटो सगळीकडे मिळतील, म्हणून पुढे जाते.

भूक

आता थोडं जड लिहिणार आहे.

आपल्याकडे आजी-आजोबा १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, तळ्याच्या बांधावर काम केलं. आयर्लंडमध्ये तसा, पण कितीतरी भीषण दुष्काळ १८४५ ते १८५२मध्ये पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर होतं आणि बटाट्यावर रोग आला. १८४१च्या जनगणनेत बेटावर ८१ लाखांहून अधिक माणसं होती. दुष्काळात सुमारे १० लाख मेली आणि १० लाखांहून अधिक बोटीत बसून देश सोडून गेली. बाकी धान्य पिकत होतं, बाहेर विकलंही जात होतं. आजही त्या बेटावर १८४१एवढी माणसं नाहीत.

पश्चिमेच्या डोंगरांत आजही काही रस्ते आणि बांध दिसतात, जे कुठेच जात नाहीत. लोकांना फुकट धान्य द्यायचं नाही म्हणून काम काढायचं, आणि काम म्हणून असे रस्ते बांधायचे.

मी मेयो जिल्ह्यातल्या लुईसबर्ग गावातून डूलॉखच्या दरीकडे चालत निघाले. डूलॉख, म्हणजे दुव लॉख, काळं तळं. एव्हाना कागद काढावा लागत नव्हता. या वाटेचा इतिहास असा: १८४९च्या मार्चअखेरीस शेकडो उपाशी माणसं मदतीसाठी लुईसबर्गला जमली. मदत चालू राहायची तर तपासणी व्हायला हवी होती आणि तपासणारे अधिकारी सुमारे १९ किलोमीटरवरच्या डेल्फी लॉजमध्ये उतरणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर राहा, नाहीतर यादीतून नाव कमी होईल, असं सांगितलं गेलं. माणसं रात्रभर थंडीवाऱ्यात चालत गेली. पोचली तेव्हा साहेब जेवायला बसले होते, थांबायला सांगितलं. शेवटी काहीच न देता परत पाठवलं. परतीच्या वाटेवर माणसं पडत गेली, तळ्याच्या काठी मेली.

हजेरी आणि नाव कमी होणं. आपल्या रोजच्या वापरातले शब्द. त्या वाटेवर ते मला फार टोचले. एखादं मूल चार दिवस आलं नाही की आपण तिथे शेरा लिहितो. ते का आलं नाही हे बघायला घरापर्यंत चालत जाणं हे आपलं काम आहे, हे मी त्या दिवशी पक्कं केलं.

दरीत माणूस नाही. मेंढ्या, वारा आणि काळं पाणी. रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस आहे. त्यावर महात्मा गांधींचं एक वाक्य कोरलेलं आहे. दुसऱ्या माणसाचा अपमान करून कुणाला आपला मान वाढल्यासारखं कसं वाटू शकतं, अशा अर्थाचं. घरापासून हजारो किलोमीटर दूर, निर्जन दरीत, बापूंचं नाव. मी बराच वेळ तिथे थांबले. नंतर वाचलं की या दुष्काळासाठी परदेशातून आलेल्या पहिल्या मदतींपैकी एक कलकत्त्याहून गेली होती. तिथल्या आयरिश शिपायांनी आणि इतरांनी वर्गणी काढली होती.

गळ्यातली काठी

दुष्काळ आणि भाषा यांचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. खूप जवळचा आहे. जे मेले आणि जे गेले, त्यांतले फार मोठ्या संख्येने गरीब, पश्चिमेकडचे, आयरिश बोलणारे होते. आणि जे उरले त्यांना एकच कळलं, जगायचं तर अमेरिकेची बोट पकडायला हवी आणि बोटीवर इंग्रजी लागते.

शाळा १८३१पासून सरकारी झाल्या होत्या, त्या इंग्रजी माध्यमाच्या. मुलांच्या गळ्यात एक काठी बांधलेली असायची. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच. दिवस संपला की खाचा मोजायच्या आणि तेवढ्या छड्या मारायच्या. हे वाचून राग मास्तरांवर येतो. पण खरी पोटात कालवाकालव करणारी गोष्ट पुढे आहे. अनेक घरांत ही खाच आईबाप करायचे. स्वतःला इंग्रजी धड येत नसताना ते मुलाचं आयरिश बंद करायचे. दुष्टपणा म्हणून नाही. प्रेमापोटी, पोराचं पोट भरावं म्हणून.

१८५१च्या जनगणनेत आयरिश बोलणारे १५ लाख होते. १९११मध्ये सहा लाखसुद्धा उरले नाहीत.

देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने भाषा परत आणायचं काम कुणावर सोपवलं असेल? बरोबर, आपल्यावर! म्हणजे शाळेवर. गेली शंभर वर्षं तिथले शिक्षक इमानाने आयरिश शिकवतात. परिणाम? २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी 'आम्हाला आयरिश येते' असं लिहिलं. पण शाळेबाहेर रोज बोलणारे किती? सुमारे ७२ हजार. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, तुम्हाला आयरिश येते का? त्या हसल्या आणि एक वाक्य धडाधड म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "बाई, मी शौचालयात जाऊ का?" शाळेत रोज लागणारं एवढं एकच वाक्य जन्मभर लक्षात राहतं, हा तिथला सगळ्यांचा विनोद आहे. मी हसले, आणि मग मास्तरीण म्हणून थोडी गप्प झाले.

स्पिडलचं दुकान

शेवटचे दोन दिवस गॉलवेच्या पश्चिमेला स्पिडल गावात राहिले. हा भाग 'गेल्टाख्त'मधला, म्हणजे जिथे आयरिश अजून घराची भाषा आहे तो मुलूख. इथे गावांच्या पाट्यांवर खालची ओळच नाही. फक्त आयरिश!

दुकानात एक आजी नातवाला ओरडत होत्या, आयरिशमध्ये. शब्द एकही कळला नाही, पण सूर पुरता कळला. तो बहुतेक गोड खाण्यासाठी हट्ट धरून बसला होता. भाषा जिवंत असते म्हणजे काय, ते मला त्या ओरडण्यात दिसलं. पाठ्यपुस्तकात भाषा कधी चिडत नाही, लाड करत नाही.

मी भाचीने शिकवलेला नमस्कार केला, 'जीया ग्विच'. त्याचा अर्थ 'देव तुझ्यासोबत असो'. आजींनी लगेच उत्तर दिलं, त्यात देवासोबत मेरीमातेचंही नाव होतं. हीच तिथली रीत, उत्तर देताना एक नाव वाढवायचं. मला आपला 'राम राम' आठवला. कुठून आलीस, आयरिश कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. सात वर्षांच्या भाचीने, म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ती तुमची भाषा बोलते का?"

याचं उत्तर द्यायला मला जड गेलं. भाची लहान असताना ती शाळेत मागे पडू नये म्हणून ताई-भावोजींनी घरी इंग्रजीच ठेवली. त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण रविवारी आमची आई फोनवर "जेवलीस का गं बाळा?" विचारते, तेव्हा ते बाळ आईच्या तोंडाकडे बघतं. मध्ये दुभाषी बसतो. आजी आणि नात यांच्यामध्ये दुभाषी!

डब्लिनला परतल्यावर मी ताईला काही उपदेश केला नाही. मी फक्त भाचीला आयरिश अंक म्हणायला लावले. दो, त्री, शे, शाख्त, होख्त, नी, देह. आणि शेजारी आपले म्हटले: दोन, तीन, सहा, सात, आठ, नऊ, दहा. ती डोळे मोठे करून बघत राहिली. या दोन्ही भाषा दूरच्या नात्यातल्या, एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. 'बो' आणि आपल्या 'गो'चं मूळही एकच. तिला वाटलं होतं, मराठी म्हणजे आजीची काहीतरी वेगळीच भाषा. ती तिच्या शाळेतल्या भाषेची चुलतबहीण निघाली. आता दर रविवारी आजी तिला आपल्याकडच्या एका गावाच्या नावाचा अर्थ सांगते, आणि ती आजीला तिथल्या. पिंपळगाव, वडगाव, आंबेगाव झाले. ताई मध्ये बसते, पण हळूहळू कमी बोलते.

वर्गात काय आणलं?

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिसरी-चौथीला एक उपक्रम दिला. तुम्हीही करून बघा, खर्च शून्य.

१. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून आपल्या शिवारातल्या जागांची नावं लिहून आणायची. वावर, माळ, ओढा, विहीर, टेक, पाणंद, काहीही.

२. प्रत्येक नाव कशावरून पडलं ते त्याच माणसाच्या शब्दांत लिहायचं. शुद्धलेखन तपासायचं नाही.

३. शक्य असेल तिथे सगळा वर्ग चालत जायचा आणि नाव खरं आहे का ते डोळ्यांनी बघायचं.

४. गावाचा मोठा नकाशा काढून त्यावर ही नावं लिहायची आणि तो वर्गात लावायचा.

आमच्या छोट्या गावातून अशी ४१ नावं आली. त्यांतलं एक 'घाण्याचा माळ'. मुलांच्या मते तिथे घाण टाकतात म्हणून ते नाव. आणि खरोखरच तिथे आता कचरा टाकतात. एका मुलीच्या पणजोबांनी सांगितलं, "अरे, घाण नव्हं, घाणा! तेलाचा दगडी घाणा व्हता तिथं." आम्ही चालत गेलो. झुडपात घाण्याचा दगड अर्धा पुरलेला सापडला. मुलं त्याच्याभोवती नाचली. मला पोलनाब्रोनचं जातं आठवलं. एक मात्रा हलली की घाण्याची घाण होते आणि जात्याचं दुःख. अर्थ सांगणारं माणूस घरात असेतोवर विचारून घ्यायला हवं.

पालकांशी दोन शब्द

इंग्रजी शिकवू नका असं मी अजिबात म्हणत नाही. मीच वर्गात शिकवते. नऊ दिवस एकटी निभावले तीही तिच्याच जोरावर. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हाही तुमचा निर्णय आहे.

मी एवढंच बघून आले, की घराने सोडलेली भाषा एकट्या शाळेला परत आणता येत नाही. तिथे सरकार आहे, कायदा आहे, पैसा आहे, मन लावून शिकवणारे शिक्षक आहेत, शंभर वर्षांची खटपट आहे. तरी पहिली ओळ वाचणारे थोडे. आणि स्पिडलच्या दुकानात ती भाषा फुकटात चालू आहे, कारण एक आजी नातवाला तिच्यात ओरडते.

तेव्हा शाळेचं आम्ही बघतो. घरातलं जेवण, रुसवा, भांडण, गोष्ट, झोपवणं, एवढं तुम्ही आपल्या बोलीत चालू ठेवा. मग ती प्रमाण मराठी असो, अहिराणी असो, मालवणी असो की भिलोरी. आणि येत्या रविवारी मुलाला घेऊन गावाच्या वेशीपर्यंत चालत जा. पाटीवरचं नाव त्याला वाचायला सांगा. मग विचारा, हे नाव कशावरून पडलं असेल?

उत्तर तुम्हाला येत नसेल, तर घरी परत येऊन दोघांनी मिळून आजीला विचारा.